आपल्या पावलांची खतावणी कोणाच्या घरात?



शेतकऱ्याला वहीची भीती नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढल्या आणि पेटवून दिल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला 'दख्खनचे दंगे' असे नाव आहे. पण ज्या सावकाराने कागद मुकाट्याने दिले त्याला बहुतेक ठिकाणी कोणी हात लावला नाही. राग वहीवर होता. वही सावकार लिहायचा, सावकारच वाचायचा आणि सावकारच कोर्टात दाखवायचा. ज्याच्या नावाने ती लिहिली जाई, त्याला आत काय आहे याचा पत्ता नसे. इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली कायदा करावा लागला. त्या कायद्याने शेतकऱ्याला तीन साधे हक्क मिळाले. पैसे भरले की पावती, वर्षाचा लेखी हिशेब, आणि मागितले तर पासबुक.

आज दीडशे वर्षांनी तुमच्या आमच्या नावाची दुसरी एक वही लिहिली जात आहे. ही वही पैशाची नाही, पावलांची आहे. पहाटे किती वाजता घर सोडले, कोणत्या रस्त्याने गेलात, तालुक्याला किती वेळ थांबलात, रात्री कुठे झोपलात, सगळे तारीखवार. लिहिणारा तुमच्याच खिशात बसलेला आहे. त्याला तुम्ही दहा-बारा हजार रुपये मोजून घरी आणले आहे आणि दर महिन्याला रिचार्जचा खुराकही तुम्हीच घालता आहात.

वही लिहितो कोण?

गावात पुष्कळांची समजूत आहे की वरून उपग्रह आपल्याला बघतो. तसे नाही. फोन उपग्रहाचे संकेत नुसते ऐकतो, रेडिओने आकाशवाणी ऐकावी तसे. आकाशवाणीला ठाऊक नसते की बांधावर बसून कोण ऐकतो आहे. तसेच उपग्रहालाही तुम्ही ठाऊक नसता. ऐकलेल्या संकेतांवरून फोन स्वतःचे ठिकाण काढतो. उघड्या रानात ते काही मीटरपर्यंत बरोबर येते. इथपर्यंत कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे. फोनमधले ॲप ते ठिकाण उचलते, कंपनीच्या संगणकाकडे पाठवते आणि तिथे ते साठत जाते. एका दिवसाचे ठिकाण ही नुसती माहिती आहे. तीनशे पासष्ट दिवसांची ठिकाणे एकाखाली एक लिहिली की तो माणसाचा इतिहास होतो.

दुसरी नोंद टॉवरची. साध्या बटणाच्या फोनचीही ती होते. खेड्यात एक टॉवर कित्येक किलोमीटरचा मुलूख सांभाळतो, म्हणून ही नोंद ढोबळ असते. पण ती चुकत नाही आणि बंदही करता येत नाही. फोन चालू आहे म्हणजे तो कोणत्या तरी टॉवरला बांधलेला आहेच. आपल्या देशात कॉलच्या नोंदी, त्यातल्या टॉवरसकट, निदान दोन वर्षे जपून ठेवा असे बंधन सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये टेलिफोन कंपन्यांवर घातले. त्याआधी मुदत एक वर्षाची होती.

चोरी उघडी कशी पडली

या वहीचा बोभाटा कंपन्यांनी आपणहून केला नाही. जर्मनीतल्या ग्रीन पक्षाचा पुढारी माल्टे स्पित्झ याने आपल्याच टेलिफोन कंपनीकडे, डॉइच टेलिकॉमकडे, आपल्या नोंदी मागितल्या. कंपनी देईना. तो कोर्टात गेला. तेव्हा कुठे ऑगस्ट २००९ ते फेब्रुवारी २०१० या सहा महिन्यांच्या नोंदी त्याच्या हाती आल्या. किती होत्या? ३५,८३०. २०११ साली त्या नकाशावर मांडून छापल्या गेल्या, तेव्हा त्या माणसाचे सहा महिन्यांचे जगणे कोणालाही वाचता आले. कोणत्या गाडीने गेला, कुठे झोपला, कोणत्या सभेला हजर होता, सगळे.

त्याच वर्षी, एप्रिल २०११ मध्ये, दोन संशोधकांनी दाखवून दिले की ॲपलच्या आयफोनमध्ये एक फाईल आहे आणि तिच्यात अनेक महिन्यांची ठिकाणे तारीखवेळेसह साठलेली आहेत. कुलूप नाही, कडी नाही. फोन संगणकाला जोडला की तीच फाईल संगणकातही उतरते. कंपनीने खुलासा केला की आम्ही कोणाचा पाठलाग करत नाही, ही तर आसपासच्या टॉवरांची आणि वायफायची यादी आहे. इतक्या महिन्यांची यादी राहिली ही चूक, आणि ठिकाणाची सोय बंद केल्यावरही ती भरत राहिली हीही चूक. मे महिन्यात दुरुस्ती आली. पण बोभाटा झाला नसता तर ही चूक कोणी, कधी दुरुस्त केली असती?

मग गूगल. आपल्या शिवारातले बहुतेक फोन याच कंपनीच्या प्रणालीवर चालतात, म्हणून हे नीट ऐका. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिले की 'लोकेशन हिस्टरी' हे बटण बंद केले तरी गूगल ठिकाणे साठवतच होती. कारण 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी' नावाचे दुसरे बटण चालूच राहत होते. पुढचे दार लावून घ्यायला सांगायचे आणि मागचे उघडे ठेवायचे, असा हा कारभार. अमेरिकेतल्या ४० राज्यांनी मिळून कंपनीला घेरले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड झाली. तेव्हाच्या भावाने आपले सुमारे ३,२०० कोटी रुपये. मे २०२५ मध्ये एकट्या टेक्सास राज्याशी १३७ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. त्यात ठिकाणांबरोबर इतरही खासगी माहितीचे खटले होते. वर्षानुवर्षे अशी टीका आणि खटले झाल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की ही 'टाइमलाइन' यापुढे कंपनीच्या संगणकावर न ठेवता ज्याच्या त्याच्या फोनमध्येच ठेवू. चांगली गोष्ट आहे. पण दुसऱ्या बटणाची चौकशी आपण करायचीच आहे, आणि बाकीच्या शेकडो ॲपांना हा नियम लागू नाही.

'कर नाही त्याला डर कशाला?'

हा विषय सभेत निघाला की कोणीतरी शहाणा उठतो आणि म्हणतो, "अहो, आपण काय चोर आहोत? कर नाही त्याला डर कशाला? कापूस वेचणारा माणूस कुठे जातो हे कळून कोणाचे काय पोट भरणार?" या शहाण्याला मी तीन उत्तरे देतो.

पहिले उत्तर. कर नसलेल्यालाही डर आहे, कारण वही खोटे बोलते. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात एका तरुणाला खुनाच्या आरोपाखाली पकडले. पुरावा काय? गूगलच्या नोंदीत त्याचे खाते खुनाच्या जागी दिसत होते. खरी गोष्ट अशी की आपले खाते इतरांच्या फोनवर उघडण्याची त्याला सवय होती. जवळजवळ आठवडाभर तुरुंगात काढल्यावर तो सुटला. आता आपल्या घराकडे बघा. जुना फोन पोराला दिला, पण खाते बापाचेच. पुतण्याच्या फोनवर काकाचे खाते, कारण अर्ज भरायला तोच बसतो. घरोघरी हीच परिस्थिती आहे. फ्लोरिडा राज्यात २०१९ साली एका घरात चोरी झाली. त्या दिवशी एक माणूस व्यायामासाठी सायकल फिरवताना त्या घरावरून तीन वेळा गेला होता. तेवढ्यावरून त्याची नोंद पोलिसांनी मागितली. वकिलाचा खर्च करून त्याला स्वतःची सुटका करून घ्यावी लागली. त्याचा गुन्हा एवढाच की रस्ता घरासमोरून जात होता.

दुसरे उत्तर. पोट भरणारे भरपूर आहेत. ठिकाणांचा धंदा चालतो, घाऊक भावाने. एक्स-मोड नावाची अमेरिकी कंपनी निरनिराळ्या ॲपांतून लोकांची ठिकाणे गोळा करत होती. त्यात नमाजाच्या वेळा सांगणारे एक लोकप्रिय ॲपही होते. तिच्या गिऱ्हाइकांत लष्कराचे कंत्राटदार होते, हे नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झाले. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने दवाखाने, प्रार्थनास्थळे अशा नाजूक ठिकाणांची माहिती विकायला तिला बंदी घातली. माणसाने देवाची वेळ बघण्यासाठी ॲप घेतले आणि त्याची पावले लष्कराच्या कंत्राटदारापर्यंत पोचली. सरकी घ्यायची आणि रुईचा ठेकाही न विचारता घेऊन जायचा, तसला हा व्यवहार.

आपल्याला सौदा कळतो. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. अडत्याला आणि खरेदीदाराला सगळे कळे, माल ज्याचा तोच आंधळा. उघड लिलावासाठी एवढी भांडणे झाली ती कशासाठी? ज्याला जास्त माहीत असते तो सौद्यात वरचढ ठरतो, म्हणून. तुम्ही कर्जासाठी किती दारांवर जाऊन आलात, बियाण्याच्या किती दुकानांत भाव विचारलात, घरचे माणूस किती दिवस मोठ्या दवाखान्यात होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासमोर तुम्ही भाव काय करणार? तुमची अडचण किती हे त्याने आधीच वाचलेले आहे.

तिसरे उत्तर चळवळीचे आहे. रास्ता रोकोला कोण आले, जिल्हा कचेरीसमोर रात्रभर कोण बसले, कोणाच्या घरी बैठक झाली, हे शोधायला पूर्वी खबऱ्या लागत असे. खबऱ्या सगळे बघत नव्हता, आणि गावाला तो ओळखू येत असे. आता तेवढ्या जागेतले, तेवढ्या वेळातले सगळे फोन काढा म्हटले की यादी तयार. अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेच्या इमारतीत जमाव घुसला, तेव्हा आत कोण होते हे शोधायला पोलिसांनी हीच रीत वापरली. त्या जमावाबद्दल मला प्रेम नाही. पण हत्यार एकदा तयार झाले की ते कोणावर चालवायचे हे हत्यार ठरवत नाही, ते हातात असलेला ठरवतो. आज तो तुमच्या बाजूचा असेल. उद्याची खात्री कोण देतो?

आणि मायबहिणींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. पावलांची वही कंपनी आणि सरकारच वाचते असे नाही. घरातलाही वाचतो. सुनेच्या, मुलीच्या फोनमध्ये 'लोकेशन शेअर' चालू करून ठेवले की ती माहेरी गेली, बचत गटाच्या बैठकीला गेली की डॉक्टरकडे गेली, हे कोणी तरी घरबसल्या मोजतो. ज्या बाईने मजुरी करून फोन घेतला, तिच्या पायात ही बेडी कशाला? सरकारकडे स्वातंत्र्य मागायचे आणि घरात पाळत ठेवायची, हे जमणार नाही.

आमचे भांडण यंत्राशी नाही

यावर लगेच आरोप होईल की हे शेतकरी तंत्रज्ञानाचे वैरी आहेत. मी कृषी पदवीधर आहे. पाऊस कधी येणार, बोंडअळीचा पतंग सापळ्यात किती आला, कोणत्या बाजारात ज्वारीला काय भाव निघाला, हे बांधावर उभे राहून कळते यात शेतकऱ्याचे भलेच आहे. कोरडवाहू शेतकऱ्याइतकी माहितीची भूक कोणाला नसेल. आमचे भांडण वही कोणाच्या नावावर आहे, यावरून आहे.

फरक समजून घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि त्यासोबत ठिकाण नोंदवायचे. नेटवर्क मिळत नाही, ॲप अडकते, त्या तक्रारी वेगळ्या आणि त्यांचे भांडण वेगळे. पण ठिकाण मागण्यामागे कारण आहे. माझ्या गटात माझी पऱ्हाटी उभी आहे हे दाखवायचे आहे. एक जागा, एक वेळ, एक कारण. तेवढे ठिकाण द्यायला हरकत नाही. मातीचा नमुना घेताना खोऱ्याने अर्धा किलो माती नेतात, आख्खे शेत उचलून नेत नाहीत, आणि अहवाल शेतकऱ्याच्या हातात देतात. हाच न्याय ठिकाणाला लावा. कामापुरता नमुना घ्या, काम झाले की थांबा, आणि काय लिहिले ते मला दाखवा.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. कर्ज देणाऱ्या ॲपांनी लोकांचे फोन कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी नियम काढला. अशा ॲपने फोनमधल्या फाईली, संपर्कांची यादी, कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माईक आणि ठिकाण हे फक्त खाते उघडताना, ओळख पटवण्यापुरते, एकदाच आणि उघड संमती घेऊन. सावकारी ॲपला जो नियम लावता येतो तो हवामानाच्या, खेळाच्या आणि टॉर्चच्या ॲपला का लावता येत नाही? बॅटरीच्या उजेडाला माझ्या गावाचे नाव कशाला लागते?

कायदा आहे, पण चाळणीसारखा

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ८ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले. जामिनावर सुटणाऱ्या एका आरोपीला दिल्लीच्या उच्च न्यायालयाने अट घातली होती की गूगल मॅपवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत राहील असे कर. सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पोलिसांना आरोपीच्या हालचालींवर कायम नजर ठेवता येईल अशी अट घालता येत नाही, असे म्हटले. अमेरिकेत २२ जून २०१८ रोजी कारपेंटर खटल्यात तसाच निकाल लागला. तिथे पोलिसांनी १२७ दिवसांच्या टॉवरच्या १२,८९८ नोंदी वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या. माणूस दरोड्यातला होता, तरी न्यायालय म्हणाले, वॉरंट लागेल. आरोपीच्या पावलांना जर एवढे संरक्षण, तर ज्याच्यावर काडीचा आरोप नाही त्या शेतकऱ्याच्या पावलांना का नाही? आपल्याकडे टॉवरच्या नोंदी मागवायला पोलिसांना आजही न्यायाधीशाच्या वॉरंटची गरज पडत नाही.

संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. त्यात आपली माहिती काय साठली ते विचारण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि खोडण्याचा हक्क आहे. चांगले आहे. पण चाळणीची भोके बघा. केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून मोकळे करू शकते. कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो जातो सरकारच्या तिजोरीत. नुकसान माझे आणि भरपाई सरकारला! आधीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागण्याचे कलम होते, तेही हा कायदा काढून टाकतो. आणि शेतकऱ्याने खोटी किंवा फालतू तक्रार केली असे ठरले तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड. सरकारची शेतकऱ्याबाबतची नीती कोणत्याही खात्यात गेली तरी ओळखू येते.

आता करायचे काय?

घरी गेल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' उघडा. कोणकोणत्या ॲपला परवानगी आहे त्याची यादी निघेल. जिथे 'नेहमी' असेल तिथे 'ॲप वापरत असतानाच' करा. ज्याला ठिकाणाची गरजच नाही त्याला 'परवानगी नाही'. गूगल खात्यात 'टाइमलाइन' आणि 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी' ही दोन्ही बटणे बघा, एक बघून थांबू नका. जुनी नोंद खोडा. दुसऱ्याच्या फोनवर उघडलेले आपले खाते बंद करा. कॉलेजात जाणारी पोरे-पोरी एका रविवारी गावातले सगळे फोन तपासू शकतात. टॉवरची नोंद मात्र बटणाने बंद होत नाही. ती कायद्यानेच आवरावी लागेल, म्हणून जिल्हा मेळाव्यात हे ठराव मांडायचे आहेत.

१. शेतीच्या कोणत्याही योजनेच्या ॲपने ठिकाण फक्त त्या कामाच्या क्षणी घ्यावे. 'नेहमी'ची परवानगी मागू नये.

२. ज्याच्या नावाची नोंद त्याला तिची प्रत मराठीत, विनामूल्य, मागेल तेव्हा मिळावी. १८७९ साली सावकाराला जे बंधन होते तेच कंपनीला आणि सरकारी खात्याला असावे.

३. काम संपल्यावर नोंद किती दिवसांत खोडणार ते ॲपवर ठळक अक्षरात लिहावे.

४. टॉवरची किंवा ॲपची ठिकाणे पोलिसांना न्यायाधीशाच्या लेखी हुकमाशिवाय मिळू नयेत.

५. दंडाआधी भरपाई, आणि ती ज्याचे नुकसान झाले त्याला.

६. ज्याच्याकडे फोन नाही किंवा जो ठिकाण देऊ इच्छित नाही, त्याला कागदाचा मार्ग खुला राहावा. फोन नाही म्हणून अनुदान नाही, खरेदी नाही, हे चालणार नाही.

सुप्याच्या शेतकऱ्यांना वही जाळावी लागली, कारण तिची प्रत मागण्याचा हक्क त्यांना नव्हता. आपल्याला फोन जाळायचा नाही. वही आपल्या नावावर करून घ्यायची आहे. मेळाव्याला येताना आपापला फोन सोबत आणा, आणि त्याच्यात काय लिहिले आहे ते आधी वाचून या.